दोन ते चारची शिसारी

फोपनार गावच्या दिगंबरभाऊंना आवडणाऱ्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येत; न आवडणाऱ्या मोजायला अख्ख्या गावाची बोटं पुरली नसती. लग्नातला डीजे, पाकिटातला मसाला, हात न धुता प्रसाद वाटणारे, सगळ्यांनाच नाक मुरडलेलं. अशा माणसाला इंदूरला संगीत शिकणाऱ्या भाचीने, हिमानीने, विलायती पियानो ऐकवायला बसवलं. म्हणजे आ बैल मुझे मार.

तिला कॉलेजसाठी ऐकणाऱ्यांची मतं हवी होती. संगीत मिनिमलिस्ट, म्हणजे मोजके चार-पाच सूर, तेच तेच फिरत राहणारे, आणि बदल झालाच तर कळेल न कळेल इतका. ओसरीवर तिने स्पीकर लावला. वीस मिनिटं. शेजारचे प्रशांत मास्तर डोळे मिटून बसले, मधेच एक डोळा उघडून त्यांनी मोबाइल पाहिला आणि पुन्हा मिटला.

"समाधी लागली हो! अगदी शांत वाटलं," शेवटी मास्तर म्हणाले.

खोटारडा मेला! दिगंबरभाऊंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मामा, तुम्हाला कसं वाटलं? सच सच बताना हं."

"शिसारी आली मले. उलटी व्हते का काय, असं झालं."

"अहो, पोरगी एवढ्या लांबून आली..." सुमनबाई नवऱ्यावर डाफरल्या.

"राहू दे मामी, मला हेच पाहिजे. मामा, शिसारी कशाची आली?"

ते काही सांगता येईना. म्हणून त्यांनी हट्टाने तेच पुन्हा लावायला लावलं. आठव्या मिनिटाला डावा खांदा ठणकायला लागला, आणि मग त्यांना कळलं.

गावच्या नामसप्ताहात सात दिवस अखंड नाम चालतं आणि वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दुपारी दोन ते चारचा पहारा, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायची पाळी, तीस वर्षं दिगंबरभाऊंचा. मंडपाचा पत्रा तापलेला, माणसं घोरत पडलेली, डाव्या खांद्यावर वीणेचा भार, तीच तार, तेच नाम, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई विणेकऱ्याच्या पाया पडणार. अडीच वाजले की त्यांना शिसारी यायची. तारेची, नामाची, पायाला लागणाऱ्या घामट हातांची. पियानो बिचारा निमित्त. शिसारी ओळखीचीच होती. आणि चार दिवसांनी सप्ताह बसणार होता. तीस वर्षांच्या सेवेबद्दल गाव त्यांना शाल देणार होतं.

त्यांना स्वतःचीच इतकी घाण वाटली की दुपारी ते भरल्या ताटावरून उठले. संध्याकाळी पहारे लावणारे उखर्डूबाबा शालीचं सांगायला आले. सुमनबाई चहा ठेवून दारातच उभ्या राहिल्या.

"बाबा, माह्यं नाव काढा," दिगंबरभाऊ म्हणाले. "तीस वर्षांत त्या दोन घंट्यांत एकदाबी देव आठवला नाई मले. नुसती शिसारी येते. लोकं पाया पडता, अन् मी घड्याळ पाहतो."

उखर्डूबाबांनी चहा बशीत ओतला.

"मले माहीत आहे. तुह्यं थोबाड काय मी पाहिलं नाई? म्हणून तं तुले ठेवला. तुह्या आधी नामाची गोडी लागणारे दोघं ठेवून पाहिले. दुपारचे डोळे मिटले, तल्लीन झाले, अन् उभ्या उभ्या झोपले. एकाची तं वीणा टेकली खाली. तुही वीणा कधी टेकली नाई."

बाबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भक्ती पाहून नव्हे, आंबट तोंड पाहून निवडलं होतं त्यांना! दिगंबरभाऊंना आता त्या पहाऱ्याचा, शालीचा, स्वतःच्या जागेपणाचाही वीट आला.

"मंग शाल नको मले. अन् पाया कोणी पडायचं नाई."

"शालीचं पाहू. पायाचं माह्या हातात नाई," म्हणत बाबा उठले.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी दोन वाजता दिगंबरभाऊंनी वीणा गळ्यात घेतली. दुसरा माणूस नव्हताच. अडीचला शिसारी आली, ठरल्या वेळी. तेवढ्यात मंडपात सुमनबाई आल्या. त्या संध्याकाळी घराच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, वाकल्या, आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं, दरवर्षीपेक्षा जरा जास्तच वेळ.

अगं, तुला तर माहीत आहे ना सगळं, असं ओरडून सांगावंसं वाटलं त्यांना. पण तोंडात नाम होतं, एका हातात वीणा, दुसऱ्यात चिपळ्या. तिला थांबवता आलं नाही.