आधी फोन, मग जिना

माझ्या इंग्रजीत ‘हॅड’ फार. आपण मराठीत ‘काल दादरला गेलो होतो’ म्हणतो, त्याला पुढेमागे काही नसतं. तेच उचलून मी ऑफिसात सांगायचो, आय हॅड गॉन टू दादर. पंचेचाळिशीत बढतीच्या आशेने इंग्रजीच्या क्लासला बसलो, तेव्हा माटुंग्याहून येणाऱ्या बाईंनी ते वाक्य हवेतच पकडलं.

“गेला होतात, पण कशाच्या आधी?”

मी म्हटलं, कशाच्याच नाही, भाजी आणायला. कॉलेजची पोरं खिदळली. बाईंनी समजावलं, होऊन गेलेल्या दोन गोष्टी सांगताना जी आधी उरकलेली, तिला हॅड लावायचं. एकटीच असेल तर नुसतं वेंट. हॅड म्हटलं की ऐकणारा थांबून राहतो, नंतर काय झालं म्हणून.

हे थांबून राहणं माझ्या डोक्यात बसलं. आठवडाभर घरी क्रम लावत फिरलो. माझी आंघोळ झाली होती, मग दूध उतू गेलं. बायको म्हणाली, दूध उतू गेलं तेव्हा तू शेजारी उभा होतास, तेही सांग बाईंना.

त्याच आठवड्यातल्या रविवारी बांगडे घेऊन घरी येत होतो. लालबागच्या आमच्या चाळीचा जिना एका माणसापुरता. उतरणाऱ्याला आधी वाट, चढणाऱ्याने भिंतीला चिकटायचं, हा नियम लहानपणीच अंगात भिनलेला. मधल्या वळणावर वरून काका आले. गिरणीतून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे, माझी पिशवी तपासल्याशिवाय सोडायचे नाहीत. मी भिंतीला लागलो.

“काय गावला?”

बांगडे, म्हटलं. त्यांनी वाकून पाहिलं. “कालचे आसत,” म्हणाले आणि खाली उतरले.

वर आलो तर काकांच्या दारात गर्दी. कडी आतून. मुलीचा वडाळ्याहून शेजारी फोन आला होता, बाबा फोन उचलत नाहीत म्हणून. दार तोडलं तर काका खाटेवर, मोबाईल छातीवर. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेलेत.

मी म्हटलं, आत्ता तर जिन्यात भेटले. कोणीतरी विचारलं, रात्रीची उतरली नाही वाटतं. मला राग आला नाही. चुकीच्या लग्नात जेवून, वर नवरदेवाबरोबर फोटो काढून आलेला माणूस मी. चाळीला ते पाठ आहे. मागच्या रविवारचे काका मी आजच्यात घातले असतील, असं मलाही वाटू लागलं. फक्त पिशवीतले बांगडे आजचे होते.

दुपारी काकांची मुलगी मला गॅलरीत शोधत आली. रडून झालेलं होतं. म्हणाली, उजाडताना बाबांचा फोन आला होता. दर रविवारी यायचा, बाजारात कधी जातेस विचारायला. तिने अर्धवट झोपेत बघितला आणि ठेवून दिला, नंतर करू म्हणून. आता तिला एकच जाणून घ्यायचं होतं. तो फोन नेहमीचा होता, की छातीत कळ आली म्हणून केलेला?

“दादा, तू बाबांना भेटलास ते फोनच्या नंतर ना?”

क्लासात बसून शिकलेलं सगळं त्या एका प्रश्नापुढे गोठलं. मी हो म्हटलं, तर काका नेहमीसारखे उठले, फोन केला, जिना उतरले. नाही म्हटलं, तर तो फोन तिला जन्मभर पुरला असता. आणि मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं होतं ते तर डॉक्टरांच्या हिशेबात बसतच नव्हतं.

“नंतर,” मी म्हटलं. “आधी फोन, मग जिना. माझ्या बांगड्यांना नावं ठेवली त्यांनी.”

ती हसली आणि हसता हसता परत रडली. मग गॅलरीतच उभ्या असलेल्या शेजारच्या वहिनींकडे वळली. वहिनी भाजी घेऊन जिन्यात माझ्याच मागे होत्या, हे मलाही तेव्हाच कळलं. तिने विचारलं, “काकी, दादाच्या मागूनच चढत होते म्हणालात ना, मग बाबा तुमच्याही बाजूने गेले असतील ना?”

वहिनींनी पदर सारखा केला. “गेले की. मी पण भिंतीला लागले ना.”

मुलगी आत गेली, काकांच्या पायाशी बसली. खांदे सैल पडलेले दिसले. पाठीवरून कोणीतरी काहीतरी उतरवून घेतल्यासारखे.

वहिनी गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही अंग चोरून थांबलात, कोणाशी तरी बोललात, म्हणून मी थांबले, भावजी. माझ्या बाजूनं कोणी गेलं नव्हतं.”

मी विचारलं, मग हे तिला का नाही सांगितलंत?

“आणि तुम्ही काय सांगितलंत?” म्हणाल्या, आणि काकांच्या घरात पाणी भरायला गेल्या.