डावा हात धुऊन या

मी मच्छिंद्र सुतार. तांबट आळीच्या तोंडाशी माझं दुकान. वाद्यांची लाकडं माझ्याकडे येतात, तंबोऱ्याच्या खुंट्या, सारंगीच्या तारा पेलणाऱ्या घोड्या. माझ्या हाताला तोड नाही आणि जिभेलाही नाही, असं पुण्याच्या कसब्यात सगळे म्हणायचे. मला ते ऐकायला फार गोड लागायचं, हे आधीच कबूल करून टाकतो.

पण गोष्ट माझी नव्हे, नियाज सारंगीवाल्याची. नागझरीच्या काठी दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची बायको हमीदा. मूलबाळ नाही. जे काही लाड व्हायचे ते त्याच्या डाव्या हाताचे. त्या हाताने तो पाण्याची घागर उचलायचा नाही. हिवाळ्यात तो हात लोकरीच्या चिंधीत गुंडाळून हिंडायचा. "अहो मियाँ, नवी नवरीसुद्धा हात इतका झाकत नाही!" मी भर रस्त्यात ओरडायचो. तो नुसता हसायचा. चिडायचा म्हणून नाहीच, आणि त्याचीच मला चीड यायची.

सारंगी बोटांच्या टोकांनी वाजत नाही. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी संपते, तिथे तार घासत जावी लागते. त्यामुळे बोटांवर घट्टे पडतात आणि घट्ट्यात तारेची बारीक खाच उठते. रोज वाजवलं तर खाच ताजी राहते, महिनाभर सोडलं की भरून येते. हे वाजवणाऱ्यांना ठाऊक, आणि त्यांच्या घोड्या बसवणाऱ्या मला ठाऊक. बाकी गावाला त्याचं काय!

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला वाड्यावर खुद्द धनी वारले आणि सगळ्या पुण्याला सुतक लागलं. तांबटांनी हातोडे खाली ठेवले. आळी अशी मुकी मी जन्मात पाहिली नव्हती, तीन घरं पलीकडचा खोकला ऐकू यायचा. तेरा दिवसांनी तांबटांना मोकळीक मिळाली. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मात्र नाही. साताऱ्याच्या महाराजांकडून नव्या धन्याची मानाची वस्त्रं येईपर्यंत शहरात वाद्य वाजता कामा नये, असा हुकूम सुटला. जो वाजवील त्याचा वाजवता हात जाईल. वस्त्रं कधी येणार, ते कुणालाच सांगता येईना.

विसाव्या दिवशी नियाज दुकानात आला. दार लोटून घेतलं आणि चिंधी सोडली.

"मच्छिंद्रभाऊ, बोटं आखडायला लागलीत."

"थंडीत सगळ्यांचीच आखडतात. शेकोटीपाशी बसा."

"अब्बांची अशीच आखडली होती. दोन महिने तापात पडले, सारंगी सुटली, ती सुटलीच. पुढे मी त्यांना घास भरवायचो." त्याने हात माझ्यापुढे धरला. करंगळी अर्धीच उघडत होती. "वाजवलं तर हात जातो, नाही वाजवलं तरी जातो. तुम्ही काहीतरी करा."

इकडे आड, तिकडे विहीर. चेष्टा सुचली नाही, असं माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालं आहे.

मी चिंचेच्या लाकडाचा एक चिमटा केला. आत खोगिराखालच्या नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा बसवला. तो घोडीवर घट्ट चढवला की तारेचा आवाज सारंगीच्या पोटात उतरेना. खालच्या बारीक तारा आपोआप घुमतात, त्यांच्यात जुनं धोतर कोंबलं. नियाजने आपल्या घरी, दार लावून, गज ओढला. आवाज आला तो पलीकडच्या खोलीत कुणी सुपात तांदूळ हलवावेत एवढाच. हमीदाभाभी दाराबाहेर कान लावून उभ्या होत्या. त्या आत येऊन म्हणाल्या, "अजून सुरू नाही केलंत?" आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

तेव्हापासून रोज दुपारी, तांबटांचे हातोडे जोरात चालू झाले की नियाज चिमटा चढवून बसायचा. पंधरा दिवसांत करंगळी सरळ झाली. बाहेर मात्र दिवस वाईट होते. चौकीची माणसं भिंतींना कान लावून फिरत. शुक्रवार पेठेत एका मृदंगवाल्याला धरून नेलं. तो बिचारा आपल्याच मांडीवर ताल धरून बसला होता म्हणे. त्याचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मग एके सकाळी हिंदुराव माझ्या दुकानात आला. हा चौकीवरचा नाईक, मिशीला तूप लावणारा. त्याच्या खाटेचा खूर मोडला होता. मी खूर तासत होतो आणि हा मांडी ठोकून बढाया मारत होता. कसब्यात एक तार छेडली तरी मला चौकीत ऐकू येते, माझे कान असे आणि माझे कान तसे. मला राहवेना. बावळटाने माझ्यासमोर शहाणपणा सांगावा, हे मला कधी सोसलंच नाही.

"कानांचं काय कौतुक, नाईक!" मी म्हणालो. "कान गाढवालाही असतात. सारंगीवाला ऐकून सापडत नसतो, त्याची नखं बघावी लागतात. पण त्याला डोळे पाहिजेत, आणि डोक्याचीही थोडी गरज पडते."

हिंदुराव रागावला नाही. "नखं?" एवढंच म्हणाला, आणि खूर घेऊन गेला. त्याचं तोंड कसं बंद केलं, या आनंदात मी दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी दवंडी आली. ढोल वाजवायची बंदी, म्हणून दवंडीवाला नुसताच ओरडत आला. "ऐका हो ऐका! शहरातल्या समस्त सारंगीवाल्यांनी उद्या सकाळी चौकीवर हजर व्हावं. येताना डावा हात धुऊन या!"

लोकांना वाटलं, काही धर्मकृत्य असेल. माझ्या हातातली पटाशी खाली पडली.

मी धावत नियाजकडे गेलो. हमीदाभाभी त्याची बोटं कोमट तेलात धरून वज्रीने घासत होत्या. घासून घासून कातडी लाल झाली होती, आणि लाल कातडीत खाच उलट जास्तच उठून दिसत होती.

"हडपसरला माझ्या भावाकडे निघून जा," त्या म्हणत होत्या.

"पळालो तर आपण होऊन कबूल केल्यासारखं होईल. नाक्यावर पहारा आहे, हमीदा."

"मग बोटं भाजून घ्या," मी म्हणालो. "लाकूड चिकटवायच्या सरसाचं उकळतं भांडं आणतो. म्हणा, चुलीवर हात पडला."

नियाजने माझ्याकडे पाहिलं. "तीनच बोटं, आणि तीही नखांपाशीच भाजली, हे कोण मानेल, भाऊ? आणि भाजलेलं बोट परत वाजेल का?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी सांगितलं हो, मीच! या माझ्या मेल्या जिभेने! पण शब्द बाहेर पडला नाही. चार माणसांत फटाफट बोलणारा मी, तिथून तसाच घरी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी चौकीसमोर सात सारंगीवाले रांगेत उभे होते. मी लांब पिंपळाखाली उभा होतो. हिंदुराव एकेकाचा हात उन्हात धरून नखं बघत पुढे सरकत होता. सहा जणांच्या खाचा भरून आल्या होत्या. सातव्यापाशी तो थांबला. त्याने अंगठा नियाजच्या नखावरून सावकाश फिरवला, आणि मान वर करून गर्दीत कुणालातरी शोधल्यासारखं केलं. मी झाडामागे झालो.

हुकूम हाताचा होता, पण नाइकाने नियाजची खाचांची तीन बोटंच छाटली. त्यानंतर आठव्याच दिवशी साताऱ्याहून वस्त्रं आली, आणि पुण्यात इतके चौघडे वाजले की रस्त्यात बोललेलं ऐकू येईना.

त्या गोंगाटात मी त्याच्या घरी गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. हात त्याच लोकरीच्या चिंधीत होता. त्याने उजव्या हाताने चिमटा काढून माझ्यापुढे ठेवला.

"चिमटा उत्तम होता, भाऊ. वाईट वाटून घेऊ नका. नाइकाने स्वतः सांगितलं, आवाज कुणीच ऐकला नव्हता."

"मग नखांचं त्यांना सांगितलं कुणी?" हमीदाभाभींनी विचारलं.

"वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं," नियाज म्हणाला. "पण पुण्यातले सगळे वाजवणारे माझ्या शेजारी रांगेत होते. थरथरत होते बिचारे. त्यांच्यातला कुणी बोलला नाही."

बाहेर चौघडा चालूच होता. कसब्यात आणखी कुणाला सारंगीवाल्याची नखं माहीत असतात, ते त्याने म्हटलं नाही. चिमट्याकडे बघत राहिला. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

"हमीदा," तो शेवटी म्हणाला, "भाऊ उन्हातून आलेत. त्यांना पाणी दे."

हमीदाभाभी उठल्या नाहीत.