किसनकाकांचं अर्थिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडले, तेही गप्प राहूनच. तुमची माझी ओळख नाही — कदाचित म्हणूनच जीभ जरा सैल होते आहे.

सौंसरची पोरगी ऑपरेटिंग सिस्टिमचं काम करते याचं गावाला भारी कौतुक. आणि मला? मला त्याहून जास्त. शेफारले होते मी, सरळ सांगते.

लोधीखेड्याच्या रस्त्यावर एका शेडमध्ये संत्री आकाराप्रमाणे निवडणारं मशीन बसलं. त्याच्या आतल्या छोट्या संगणकाची सिस्टिम माझी आणि वायरिंग किसनकाकांचं. आमच्या घरातला प्रत्येक दिवा त्यांनीच लावलेला. मशीन सुरू केलं की सिस्टिम फळं मापणाऱ्या कॅमेऱ्याचं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, मेमरीत घ्यायची, आणि नेमकी तिथेच कधीकधी क्रॅश व्हायची. पट्टा जागच्या जागी थांबायचा. रोज नाही, तीच तर पंचाईत. संत्र्यांचा आंबिया बहार भरात, दारात कॅरेटची थप्पी. मालकांनी विचारलं, काय झालं? आणि मी — एक ओळही न तपासता — म्हणाले, "अर्थिंग बघा."

का म्हणाले असेन? माहीत नव्हतं म्हणून? नाही हो. भीती वाटली. आपलं नाव खाली येईल, एवढीच भीती.

काकांनी अर्थिंगचा खड्डा पुन्हा खणला. मीठ-कोळसा नव्याने भरला. तीनदा वायर बदलली. एकदाच, चाचरत म्हणाले, "बाई, एकवार तुह्या प्रोग्रामातबी पाहून घे ना." मी हसले. शेडमधल्या सगळ्या माणसांसमोर हसले. ते पुन्हा वायरकडे वळले. आठवड्याने मालकांनी त्यांना काढलं आणि नागपूरहून दुसरा वायरमन बोलावला.

तेव्हा कुठे मी कोड उघडला. प्रोसेसरला काही माहिती मेमरीतल्या आठाने भाग जाणाऱ्या पत्त्यापासूनच वाचायची असते. मॉड्यूल मेमरीत मांडणारा भाग मीच लिहिलेला, आणि मधे लागेल तेवढी मोकळी जागा सोडायला मीच विसरले होते. आधीची माहिती वेड्यावाकड्या लांबीची आली की पुढची भलत्याच पत्त्यावर पडायची आणि सिस्टिम कोसळायची. पत्ता आठाच्या पुढच्या पटीपर्यंत सरकवायचा — एका ओळीचं काम. दहा मिनिटंही लागली नाहीत.

खरं पाप त्याच्या पुढचं. नागपूरच्या माणसाचं काम संपेपर्यंत मी ती ओळ दाबून ठेवली. त्याने हत्यारांची पेटी बंद केली त्याच दुपारी ती मशीनवर चढवली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. मशीन चालू लागलं. सगळे म्हणाले, पाहा, वायरिंगच खराब होतं. मी मान डोलावली.

गावात बोलायला किती वेळ लागतो? किसनच्या हातचं अर्थिंग कच्चं, असं झालं. कारखाना, शेड, कापसाचं जिनिंग — मोठी कामं त्यांच्याकडे जायची थांबली. आता ते पंखे लावतात, कूलर दुरुस्त करतात. मला हे सगळं दिसत होतं. तोंड उघडायला कुणी अडवलं होतं का?

मागच्या वर्षी काका जामसांवलीच्या देवळात दर्शनाच्या रांगेत भेटले. बारीक झाले होते. मी नजर चुकवली, तर स्वतःच जवळ आले.

"बाई, माह्याच हाताचा दोष होता वो. वय होऊन राहिलं आता. मी उगाच तुह्या प्रोग्रामाले नाव ठेवलं. मनात नोको ठेवू."

अख्ख्या तालुक्यात तो एक माणूस बरोबर होता, आणि मी त्याला स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावला होता. तेव्हा तरी सांगायचं. रांग हळू चालली होती, वेळ भरपूर होता.

मी म्हणाले, "जाऊ द्या काका, होतं असं."

त्यांनी हात जोडले. मी त्यांना माफ केलं.