खडकावरचं शेवाळ आणि ताईचा विळा

समुद्रातलं शेवाळ मोजायचा पगार मिळतो, हे आमच्या धारूरच्या डोंगरात अजून कुणाला पटत नाही. "मोजून जास्त उगवतंय व्हय?" असं दाजींनीच मला तोंडावर विचारलं होतं. मी कोकण किनाऱ्यावर तेच काम करते. ओहोटीला खडकावर लोखंडी चौकट ठेवायची, आत कुठलं शेवाळ किती दाट आहे ते बघायचं, पुढं सरकायचं. काठाला हिरवं असतं, विरळ. लाटांच्या तोंडाशी तपकिरी, उसाच्या फडासारखं दाट.

यंदा दसऱ्यानंतर मी थोरल्या ताईला मदतनीस म्हणून नेलं. लग्न झाल्यापासून ती दाजींबरोबर ऊसतोडीला जाते. पाळीत खाडे पडतात म्हणून तिशीच्या आतच तिची गर्भाची पिशवी काढून टाकली. आमच्याकडं याला कुणी अन्याय म्हणत नाही, सोय म्हणतात. तेव्हापासून तिची कंबर धरलेली आहे. शेवाळाचं काम टिकलं असतं तर तिचा फड कायमचा सुटला असता.

नमुना कापताना खडकावर बोटभर शेवाळ ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा वाढतं. हे तिला सांगितलं होतं. पण हात फडात घडलेला. ऊस जमिनीलगत तोडला नाही तर मुकादम आयमाय काढतो. गोडी बुडात असते आणि पुढच्या वर्षीचा खोडवाही त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो. मी पलीकडच्या खडकावरून परत आले तर दर हंगामाला बघायचे म्हणून राखलेले सगळे चौकोन विळ्यानं तासून स्वच्छ.

"बघ, एक बुडखा न्हाई ठिवला," ती हसत म्हणाली.

मी ओरडलेच. "अगं, मूळच खरवडल्यावर परत कसं येईल ते?"

तिचं हसू गेलं. "उसाला तर येतंय की गं."

आमचे साहेब चांगले, रागावले नाहीत. फक्त उद्यापासून यांना आणू नका म्हणाले. असल्या चांगुलपणाची मला चीड येते.

दिवाळीनंतर टोळीचा ट्रॅक्टर गावातून निघाला. ताई ट्रॉलीत बोचक्यावर बसली होती, एक हात कंबरेला. ट्रॉली हलली तशी तिनं वाकून विचारलं, "तिथलं उगवलं का गं?"

"उगवेल," मी म्हणाले.

"उगं धीर नकू दिऊ. पिशवी काढताना डाक्टर बी असंच म्हणलं व्हतं, लई बरं वाटंल."