मूर्तीचे डोळे कुणी काढले?

चित्र सही करणाऱ्याचं, की ज्याने ते खरोखर काढलं त्याचं? आणि काढणाऱ्याची काही तक्रारच नसेल तर? मंडळींनो, मला उत्तर सापडलेलं नाही.

आज दुपारी इथे सिंगापूरला, बिशानच्या फ्लॅटवर रूममेट केतकीबरोबर एक जपानी रहस्यमालिका संपवली. एका नामवंत चित्रकाराच्या चित्रांतले चेहरे भलत्याच बाईने काढलेले असतात आणि तिचं नाव कुणालाच माहीत नसतं.

मला घर आठवलं. माझी आई पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. त्याच कमाईवर मी घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. इथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीच्या मूर्ती त्याच कारखान्यातून येतात. यंदाच्या उत्सवाचं पोस्टर मी करतेय आणि त्यावर फक्त कारखान्याच्या मालकांचं नाव होतं.

आईला फोन लावला. "पोस्टरवर तुझं नाव घालू?"

"वेडी का गं? मालक काय म्हणतील?"

केतकी मागून ओरडली, "काकू, घालू द्या! सिंगापूरमध्ये फेमस व्हाल!"

आई हसली. मग म्हणाली, "आखणीला आम्ही चौघी बसतो. कुठले डोळे कुणाचे, मलाही सांगता येत नाही. माझं एकटीचं घातलंस तर उद्या त्यांच्यात बसू कशी?"

मग मालकांनाच फोन करून विचारलं, चौघींची नावं घालू का. "घाल की पोरी, खोटं थोडंच आहे?"

संध्याकाळी पोस्टर मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. मालकांच्या नावाखाली लिहिलंय, "डोळ्यांची आखणी: शालन, विजया, सुमन, रेखा."