दिवाळीआधी अडकलेलं दार

माझा धाकटा भाऊ सुहास एका मंगळवारी कॅनडाच्या उत्तर टोकाला वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅनीने, फोन करून सांगितलं. तिथेच त्याला पुरलं.

मी गोव्यात डिचोलीला एका वाचनालयात काम करते. पुढे सांगतेय असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही ‘आहे’ असं म्हणणार नाही. घडलं तेवढं लिहिते...

आमचं घर पाळीला. खाणी बंद पडल्या तेव्हा सुहास मशिनींच्या कामावर कॅनडाला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. समुद्रकाठचं लहान गाव. एक झाड नाही. जमीन खोलवर बारा महिने गोठलेली, तिच्यावर खांब आणि खांबांवर घरं. अलीकडे ती जमीन वितळू लागली आहे. एखादा खांब खचतो, घर कलतं, दारं चौकटीत अडकतात.

“ताई, इथे घरोघरी रंधा,” तो फोनवर हसायचा. “मी दर वर्षी दार तासतो. असंच चाललं तर नुसती कडी उरेल.”

आमच्यात अग्नी देतात. पुरलं म्हणून आई खूप रडली. मग तिनेच स्वतःची समजूत काढली – “बर्फात आसा न्हय गो तो? आसा तसोच उरतलो.” मी मान हलवली. तो आहे तसाच राहील, या एका वाक्यावर ती पुन्हा जेवू लागली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सुहासच्या खोलीचं दार लागेना. वरचा कोपरा चौकटीला अडकायचा. पावसात दारं फुगतात, पण भर पावसात हे नीट लागत होतं, आणि आता तर कडक ऊन पडलेलं. गावच्या सुताराला, चारी मेस्ताला बोलावलं. त्याने चौकटीला लेव्हल लावली. नळीतला बुडबुडा बरोबर मधे.

“बाय, चौकट सरळ. लाकूड सुकें खडखडीत. अडकपाक कारणूच ना.”

“मग अडकतं कसं?”

“तें दाराकच विचार.”

त्याने कोपरा तासून दिला. दुसऱ्या सकाळी दार पुन्हा अडकलं. “माझ्या रंध्याची मस्करी करता तुमचें दार,” म्हणत त्याने परत तासलं. संध्याकाळपर्यंत तेच.

त्याच संध्याकाळी अ‍ॅनीचा फोन आला. आईला इंग्रजी कळत नाही, तरी मी अंगणाच्या टोकाला जाऊन घेतला. दफनभूमीच्या टेकाडाची माती आतून मऊ झाली होती, आणि वादळात समुद्राने कडा खाल्ली होती. सुहासच्या कबरीची रांग खचत होती. शवपेट्या हलवायला मशीन नेलं, तर तेच चिखलात रुतलं.

“मी काय करू?” मी विचारलं.

“तू तिथून काय करणार?” ती म्हणाली. रागाने नाही.

आईला सांगायचं नाही असं ठरवून मी आत आले. ती त्या दाराशी उभी होती, तळहात वरच्या कोपऱ्यावर टेकलेला.

“सुहासाची जमीन विरगळली न्हय गो?”

मी हातातला फोन पाठीमागे धरला.

“सांगू नाका. म्हाका कळ्ळां.”

योगायोग म्हणून पाहिलं. दुसऱ्या मेस्ताला दाखवलं. त्यालाही काही सापडलं नाही... आईला कसं कळलं, तेही मला अजून कळलेलं नाही.

सुहासची रांग त्याच आठवड्यात समुद्रात गेली. आई आता ‘आसा तसोच उरतलो’ म्हणत नाही. खोलीचं दार लागत नाही, ते उघडंच असतं.