टेम्पोवालीचा तांब्या

ती ‘चला’ म्हणाली की निघायचं आणि खाली बसली की इंजिन बंद करायचं. मुक्कामाच्या जागेबाबत आमच्या घरात एवढाच कायदा होता, आणि घर म्हणजे टेम्पो. माझ्या बायकोला गावोगावचे लोक टेम्पोवाली म्हणायचे. मीही तेच लिहितो.

मी मोटरी भरायचो. विहिरीवरची मोटर जळाली की तिच्यात नवी तार भरून चालू करून द्यायची. उन्हाळ्यात लाइट कमी-जास्त व्हायची, मोटरी पटापट जळायच्या. म्हणून नाताळ उरकला की आम्ही नगरहून निघायचो ते मिरगाच्या तोंडाला परत. नव्वद सालानंतरची सात-आठ वर्षं अशी गेली. मागे हौद्यात फळ्यांची बाज, स्टोव्ह, दोन डबे, येशूची तसबीर. मूलबाळ नव्हतं. दार ओढून घेतलं की घर झालं.

गावात शिरलो की मला सावली दिसायची आणि तिला भुई. चपला काढून अनवाणी फिरायची. मुंग्यांची वारुळं बघायची. बाया परसाकडला कुठल्या अंगाला बसतात ते आधी बायांनाच विचारायची. मग पितळेचा तांब्या भरून आणायची आणि भुईवर ओतायची. पाणी जिरलं तर बसायची. डबकं राहिलं तर, ‘चला.’ मी वैतागायचो. म्हणायचो, ‘अगं, वर ढगाचा तुकडा न्हाई.’ ती म्हणायची, ‘ढग तुमाला इचारून येनार हाय व्हय?’

मिरजगावला एक म्हातारी तिच्यावर उखडली. ‘बया, हितं प्यायला टँकरची वाट बघतोय आमी, आन् तू भुईला पाजतीस?’ टेम्पोवाली म्हणाली, ‘मावशी, एक तांब्या भुईला पाजला की अंथरून वल्लं व्हत न्हाई.’ म्हातारी हसली नाही. पण दिवस मावळताना तीच कळशी घेऊन आली, आणि तासभर दोघी टेम्पोच्या सावलीत माझ्या नावानं बोलत बसल्या.

तिचा कायदा एकदाच मोडला मी. खर्ड्याला. किल्ल्याच्या अलीकडे मोठा वड होता, खाली काळी माती. ऊन असं होतं की मी तिला तांब्या भरूच दिला नाही, इंजिन बंद केलं. तिनं रिकामा तांब्या बाजेखाली सारला. दुसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी कोसळला आणि चाकं आसापर्यंत रुतली. लोक जमले. एकजण म्हणाला, ‘काय मिस्तरी, भात लावायचा का हितं?’ ती बाजेवर मांडी घालून बसली होती. म्हणाली, ‘बसा आता सावलीत.’ दोन बैलजोड्या लावून टेम्पो काढला. माझी भिजलेली तार मात्र तिनंच पदरानं पुसून वाळत घातली.

मग कोपरगावच्या बाजूला गेलो, तेव्हा ती टेम्पोतून उतरलीच नाही. म्हणाली, ‘आज तुमीच बघा.’ अंग तापलं होतं, पण त्या तापानं मी घाबरलो नाही. त्या बोलण्यानं घाबरलो. तसाच टेम्पो वळवून नगर गाठलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. दोन महिने खाटेवर काढले तिनं. शेवटी शेवटी म्हणाली, ‘माजी जागा नीट बघा. घाईनं कुटंबी टेकवू नका. तांब्या न्या बरूबर.’ मी हो म्हणालो.

ती गेली आणि आभाळ भरून आलं. पाळक म्हणाले, ‘मिस्तरी, पाऊस यायच्या आत माती देऊ.’ कब्रस्तानात भिंतीकडेच्या कोपऱ्यात खड्डा आधीच खणून ठेवला होता. मी होकारार्थी मान डोलावली. तांब्या टेम्पोतच राहिला. विसरलो. दुसरं कारण नाही.

तिसऱ्या दिवशी गेलो तर तिच्यावर घोटाभर पाणी उभं. काळी माती, सखल कोपरा. चर्चच्या पंचांना म्हणालो, हिला वरच्या अंगाला हलवा. ते म्हणाले, ‘दिलेली माती उकरत नाहीत, बाबा.’ दर पावसाळ्यात खोरं घेऊन पाणी जायला चारी काढायचो. पुढे भिंत आहे, पाणी फिरून तिथंच येतं. आता तर खोरंही उचलत नाही.

परवा पंच घरी आले. म्हणाले, ‘वर मुरमाड जागा हाय, कोरडी. तुमच्यासाठी धरून ठेवू का?’ मी म्हणालो, तिच्या शेजारची ठेवा. मग तांब्या घेऊन गेलो आणि त्या शेजारच्या जागेवर ओतला. बराच वेळ उभा राहिलो. पाणी जिरलं नाही. ‘चला’ म्हणायला कुणी नव्हतं. मी खाली बसलो.